‘रॉयल कॅम’: अल्बट्रॉसच्या घरट्यावरून समुद्र पाहण्याची एक विनामूल्य सोय

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ड्युनेडिन शहरापासून समुद्रात शिरलेल्या ओटागो द्वीपकल्पाच्या टोकाला टायआरोआ हेड नावाचा उंच सुळका आहे. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेले माओरी लोक या जागेला पुकेकुरा म्हणतात. येथे नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉस हा मोठा समुद्री पक्षी, म्हणजे माओरी भाषेतला ‘तोरोआ’, घरटी करतो. त्यांपैकी एका घरट्यावर न्यूझीलंडच्या संवर्धन विभागाने २०१६ पासून कॅमेरा लावला असून, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या साहाय्याने त्याचे चोवीस तास थेट प्रक्षेपण होते. यूट्यूबवर ते कोणालाही पैसे न मोजता पाहता येते. ‘रॉयल कॅम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सेवेविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. समुद्री पक्ष्याचे शरीर समजून घ्यायचे असेल, तर घरबसल्या इतकी चांगली सोय मला दुसरी माहीत नाही, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे.

एक गोष्ट प्रथमच सांगायला हवी. हा कॅमेरा समुद्री पक्षी दाखवतो, पण तो जमिनीवर लावलेला आहे. अल्बट्रॉस आयुष्याचा बहुतांश काळ उघड्या समुद्रावर घालवतो आणि जमिनीवर येतो तो केवळ वीण करण्यासाठी. त्यामुळे पडद्यावर आपल्याला दिसतो तो आपल्या खऱ्या ठिकाणापासून दूर आलेला, जड पावलांनी डुलत चालणारा, उतरताना कधी कधी तोंडावर आपटणारा पक्षी. अशा एका फसलेल्या उतरण्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि लोक त्यावर हसलेही. मात्र त्या पडण्यामागचे कारण लक्षात घेतले की हसू ओसरते. जे पंख त्याला शेकडो किलोमीटर जवळजवळ फुकट नेतात, तेच पंख वारा पडलेला असताना थोड्या जागेत थांबायला निरुपयोगी ठरतात. या प्रक्षेपणात दिसणारी जवळपास प्रत्येक गोष्ट अशी समुद्राशी जोडून पाहावी लागते. तशी पाहिली, तर त्या गवताळ उतारावरचा एकही तास वाया जात नाही.

आधी पंखांविषयी, कारण नवा प्रेक्षक सर्वांत प्रथम त्यांनीच थक्क होतो. बसलेल्या पक्ष्याचे पंख अंगाशी इतके नीट घडी घालून ठेवलेले असतात की त्यांच्या लांबीचा अंदाजच येत नाही. तो उठून वाऱ्याकडे तोंड करतो आणि पंख पसरतो तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तीन मीटर लांबीची, पण रुंदीला अगदी कमी अशी एक पट्टी उलगडते. पक्ष्याचे वजन सहा-सात किलोच्या घरात असते. एवढे वजन इतक्या लांब पंखांवर स्नायूंच्या बळाने सतत तोलून धरायचे म्हटले तर तो काही तासांतच थकून जाईल. अल्बट्रॉसच्या आणि त्याच्या जवळच्या नात्यातल्या जायंट पेट्रेलच्या खांद्यात मात्र कंडरेची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीची, अशी रचना असते की पंख पूर्ण पसरला की तो छत्रीची कळ बसावी तसा जागच्या जागी अडकतो आणि धरून ठेवायला स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. भटक्या अल्बट्रॉस (वाँडरिंग अल्बट्रॉस) या जवळच्या जातीच्या पक्ष्यांवर हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे लावून शास्त्रज्ञांनी पाहिले, तेव्हा तरंगत्या उड्डाणात ठोके विश्रांतीच्या वेळेच्या जवळपासच असल्याचे आणि ते सर्वाधिक वाढतात ते हवेत झेपावताना, असे आढळले. कॅमेऱ्यासमोरचा पक्षी उडण्यापूर्वी वाऱ्याच्या झोताची वाट पाहत बराच वेळ का उभा राहतो, उतारावरून धावत का जातो, आणि वसाहतीने वाऱ्याचा हा सुळकाच का निवडला, हे या माहितीनंतर आपोआप कळते.

तरंगण्याची युक्तीही समजून घेण्याजोगी आहे. समुद्राच्या पृष्ठभागालगत लाटांच्या घर्षणामुळे वारा मंद असतो आणि काही मीटर वर तो बराच जोरकस असतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो, वर पोहोचल्यावर वळतो आणि वाऱ्याबरोबर खाली घसरत वेग मिळवतो, आणि पुन्हा लाटांजवळ वळून वर चढतो. वेगातल्या या फरकातूनच त्याला ऊर्जा मिळत राहते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८८३ मध्येच या तत्त्वाचे स्पष्टीकरण दिले होते. टायआरोआ हेड ४५ आणि ४६ दक्षिण अक्षांशांच्या मध्ये आहे. या पट्ट्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अडवायला जमीन फारशी नाही, त्यामुळे ते पृथ्वीभोवती जवळजवळ अखंड वाहतात. हा पक्षी त्या वाऱ्यांसाठी घडलेला आहे. न्यूझीलंडमध्ये वाढलेली पिल्ले पहिल्या उड्डाणानंतर पूर्वेकडे निघून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात जातात ती याच वाऱ्यांच्या आधाराने. हे सारे कॅमेऱ्यात दिसत नाही. दिसतो तो चौकटीच्या कडेवरून क्षणार्धात सरकून जाणारा काळा-पांढरा आकार. ती सावली सरकली की ध्वनी थोडा वाढवून वाऱ्याचा आवाज ऐकावा, असे माझे प्रत्येक नव्या प्रेक्षकाला सांगणे आहे.

चित्राची स्पष्टता चांगली असते आणि कॅमेरा दुरून फिरवता येत असल्यामुळे पक्ष्याचे डोके अनेकदा अगदी जवळून दिसते. अशा वेळी चोचीकडे लक्ष द्यावे. वरच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना दोन लहान नळ्या दिसतात. त्या नाकपुड्या आहेत. चोचीच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमतो आणि पक्षी मान झटकून तो उडवतो. नव्या प्रेक्षकांना वाटते की पक्ष्याला सर्दी झाली आहे किंवा तो पावसात भिजला आहे. वास्तविक तो थेंब म्हणजे शरीराबाहेर टाकलेले मीठ आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात, आणि पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना इतके मीठ पुरेसे दाट करून बाहेर टाकता येत नाही. म्हणून समुद्री पक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर, कवटीतल्या खोबणीत, क्षारग्रंथींची जोडी असते. ती रक्तातले मीठ वेगळे करून समुद्राच्या पाण्याहूनही खारट द्रावाच्या रूपाने नाकावाटे बाहेर सोडते. गोड्या पाण्याचा एक थेंबही न मिळता हा पक्षी वर्षानुवर्षे समुद्रावर राहू शकतो तो याच ग्रंथींच्या बळावर. या ग्रंथींचे कार्य क्नुट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. त्यापूर्वी समुद्री पक्षी खारे पाणी पितात की नाही, याबद्दलच मोठा वाद होता. पाठ्यपुस्तकात ही माहिती एका ओळीत उरकलेली असते. येथे ती थेंबाच्या रूपाने समोर टपकते आणि म्हणूनच लक्षात राहते.

त्याच नळ्यांचा संबंध वासाशीही आहे. पक्ष्यांना वास फारसा येत नाही, असे बराच काळ मानले जात असे. अल्बट्रॉस आणि पेट्रेल ज्या गणात येतात त्या गणातल्या पक्ष्यांच्या मेंदूतला वासाचा भाग मात्र चांगलाच मोठा असतो. गॅब्रिएल नेव्हिट या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती-प्लवकांशी निगडित असलेल्या डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या वासाकडे अंटार्क्टिक समुद्रातले काही पेट्रेल आकर्षित होतात. पुढे भटक्या अल्बट्रॉसच्या मार्गांच्या नोंदींतूनही वाऱ्याविरुद्ध नागमोडी जात भक्ष्याच्या वासाचा माग काढल्याच्या खुणा मिळाल्या. माणसाला जो समुद्र सगळीकडे सारखा दिसतो, तो या पक्ष्याच्या दृष्टीने वासांच्या पट्ट्यांनी आखलेला प्रदेश आहे.

पिल्लाला भरवण्याचा प्रसंग हा या सेवेतला सर्वाधिक पाहिला जाणारा भाग आहे आणि तसा तो असायलाही हवा. दोन्ही पालक आलटूनपालटून समुद्रावर जातात. अंडे नोव्हेंबरच्या सुमारास घातले जाते, उबवण्याला जवळजवळ ऐंशी दिवस लागतात, आणि जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत पिल्लू बाहेर येते. पहिले पाचेक आठवडे एक पालक कायम त्याच्यावर बसून असतो. त्यानंतर मात्र दोघेही निघून जातात आणि पिल्लू वारा-पावसात एकटे राहते. परतलेला पालक आधी पिल्लाकडे धावत नाही. तो थोड्या अंतरावर उतरतो, सावरतो आणि मग हळूहळू चालत येतो. पिल्लू त्याच्या चोचीवर टकटक करते, आपली चोच आडवी धरते, आणि पालक पोटातले अन्न थेट त्या चोचीत सोडतो. त्यात म्हाकूळ (स्क्विड) आणि मासे तर असतातच, शिवाय अन्न पचत असताना जठराच्या पुढच्या कप्प्यात साठलेले तेलही असते. हे तेल म्हणजे या गणातल्या पक्ष्यांची मोठी सोय. अन्न ज्या ठिकाणी मिळते ते घरट्यापासून शेकडो किलोमीटर दूर असेल, तर ओले अन्न तसेच वाहून आणण्यापेक्षा त्यातली ऊर्जा तेलात आटवून आणणे केव्हाही परवडते. भरवणे काही मिनिटांत संपते आणि पालक पुन्हा निघून जातो. मग कित्येक दिवस कोणी फिरकत नाही.

या प्रतीक्षेचे मोल मला फार मोठे वाटते. निसर्गपटात संकलक हे मधले दिवस कापून टाकतो आणि पालक जणू शेजारच्या दुकानातून सामान घेऊन आल्यासारखा परततो. येथे कापाकापी नाही. पिल्लू बसलेले असते, वाऱ्यावर गवत हलते, संध्याकाळ होते, आणि समुद्र किती मोठा आहे हे आपल्याला त्या रिकाम्या दिवसांमधूनच जाणवते. एवढे दिवस उपाशी राहता यावे, यासाठी पिल्लाचे शरीरही घडलेले असते. वाढीच्या मधल्या टप्प्यात ते चरबी साठवून प्रौढ पक्ष्याहूनही जड होते आणि उडण्याआधी पुन्हा हलके होत जाते. वनरक्षक ठरावीक काळाने येऊन त्याला पिशवीत घालून वजन करतात. वजन समाधानकारक नसेल तर पूरक अन्नही देतात. ही वजनाची नोंद पाहत राहणे हा या सेवेतला एक वेगळाच आनंद आहे.

येथे वनरक्षकांच्या कामाविषयी थोडे अधिक लिहिणे योग्य ठरेल. या वसाहतीच्या रक्षणाचा इतिहास लान्स रिचडेल या शिक्षकापासून सुरू होतो. त्यांनी घरट्यावर पहारा ठेवला आणि १९३८ मध्ये येथून पहिले पिल्लू सुखरूप उडाले. समुद्री पक्षी ज्या दूरच्या बेटांवर घरटी करीत आले तेथे मांजर, उंदीर किंवा मुंगसासारखा चपळ स्टोट नव्हता. त्यामुळे जमिनीवरच्या शिकाऱ्यापासून बचाव करण्याची कोणतीही तयारी या पिल्लात नाही. समुद्राला तोंड द्यायला जे शरीर इतके सज्ज आहे, ते साध्या उंदरापुढे हतबल ठरते. म्हणून येथे सापळे लावले जातात, उन्हाच्या दिवसांत घरट्यांवर पाण्याचे तुषार सोडले जातात, आणि अंड्यातून पिल्लू बाहेर येण्याच्या नाजूक काळात माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी खरे अंडे उबवणी यंत्रात हलवून पालकाखाली खोटे अंडे ठेवले जाते. या जातीचे बहुसंख्य पक्षी चॅटम बेटांच्या समूहातल्या लहान खडकांवर वीण करतात आणि १९८५ च्या वादळात तेथली माती व वनस्पती वाहून गेल्यापासून तेथली घरटी अनेक वर्षे अपयशी ठरत राहिली. ज्या जातीची जोडी दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालते, त्या जातीला अशी हानी भरून काढणे अत्यंत अवघड असते. या संथ चालीची दुसरी बाजू म्हणजे दीर्घ आयुष्य. १९३७ मध्ये प्रौढावस्थेत पायात ओळखीचे कडे घातलेली ‘ग्रँडमा’ नावाची मादी १९८९ पर्यंत येथे येत होती. म्हणजे तिचे वय साठीच्या पुढे गेले होते.

पायातली रंगीत कडी हीदेखील पाहण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्या रंगांच्या क्रमावरून प्रत्येक पालक ओळखता येतो आणि काही दिवस नियमित पाहिले की आज कोण आले हे प्रेक्षक स्वतःच सांगू लागतो. पिल्लांना मात्र नावे दिली जातात. पहिल्या वर्षीच्या पिल्लाचे नाव ‘मोआना’, म्हणजे महासागर, असे होते आणि २०१७ च्या पिल्लाचे ‘तूमानाको’, म्हणजे आशा.

आता मर्यादा. प्रक्षेपणाला निवेदन नाही. मूळ ध्वनी वारा, पक्ष्यांचे आवाज आणि चोचींची टकटक एवढाच. सोबतचा मजकूर इंग्रजीत आणि थोडा माओरीत आहे. त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलाला हे दाखवायचे तर शेजारी समजावून सांगणारे कोणीतरी बसायला हवे. ज्याला समुद्री पक्ष्यांविषयी काहीच माहिती नाही, त्याला पहिल्या काही मिनिटांत ‘गवतावर बसलेला एक मोठा पांढरा पक्षी’ यापलीकडे काही सापडणार नाही, आणि त्याचा कंटाळा समजण्यासारखा आहे. याहून मोठी मर्यादा माध्यमाचीच आहे. या पक्ष्यांवरचे सर्वांत मोठे संकट, म्हणजे लांब दोरीच्या मासेमारीतले आमिष लावलेले गळ, समुद्रावर असते आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत ते कधीच येत नाही. पालक परतला नाही एवढेच दिसते. का परतला नाही, हे दिसत नाही. पृष्ठभागावरचे अन्न वासाने शोधून पटकन उचलण्याची जी सवय हजारो पिढ्या उपयोगी पडली, तीच या गळांपुढे घातक ठरते. नौकांनी रात्री दोर सोडणे, गळांना वजन लावून ते लवकर बुडवणे आणि मागे फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी सोडणे या उपायांनी मृत्यू पुष्कळ कमी होतात, हे सिद्ध झाले आहे. प्लास्टिकचेही तसेच. उडण्यापूर्वी पिल्लू म्हाकुळाच्या न पचलेल्या चोचींचा गोळा ओकून टाकते, आणि त्या गोळ्यात काय निघाले यावरून पालकांनी समुद्रात काय गिळले ते कळते.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाने वेळेचे गणित लक्षात ठेवावे. न्यूझीलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास आणि तेथल्या उन्हाळ्यात साडेसात तास पुढे असते. त्यामुळे फेब्रुवारीत आपल्याकडे दुपारी एकपर्यंत तेथे उजेड असतो, तर जूनमध्ये सकाळी साडेदहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. रात्रीही अवरक्त प्रकाशात चित्र दिसते, पण रंग नसतात. पहाटे ते सकाळी नऊ हा वेळ वर्षभर सोयीचा आहे. मोबाइलवर पाहताना चित्राची प्रत थोडी कमी ठेवली तरी पक्ष्याच्या हालचाली नीट समजतात. चोचीवरचा थेंब पाहायचा असेल तर मात्र मोठा पडदाच हवा. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी महत्त्वाच्या प्रसंगांच्या छोट्या चित्रफिती स्वतंत्रपणे उपलब्ध आहेत, पण केवळ त्या पाहून थांबू नये.

अल्बट्रॉस आपल्या किनाऱ्यावर येत नाही. तरीही या सेवेचा कोकणातल्या माणसाला एक प्रत्यक्ष उपयोग आहे. पावसाळ्यातल्या सोसाट्याच्या वाऱ्यात मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर बूबी, फ्रिगेट पक्षी, काळपट पाठीचे सुरय असे उघड्या समुद्रावरचे पक्षी थकून येऊन पडतात. वाळूवर बसलेला असा पक्षी उडत नाही, हे पाहून त्याचा पंख मोडला असे लोक समजतात, किंवा ‘हा पाण्यातला पक्षी’ म्हणून त्याला लाटांत ढकलतात. लांब, अरुंद पंखांच्या पक्ष्याला सपाट जमिनीवरून आणि वाऱ्याशिवाय उठणे किती कठीण असते, हे टायआरोआच्या उतारावर ज्याने पाहिले आहे तो अशी घाई करणार नाही. शिवाय सर्व समुद्री पक्षी सारखे नसतात. अल्बट्रॉस पाण्यावर आरामात बसतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल तो चोचीने पिसांना लावताना कॅमेऱ्यात वारंवार दिसतो. फ्रिगेट पक्ष्याची पिसे मात्र पाणी नीट अडवत नाहीत आणि तो पाण्यावर उतरणे टाळतो. त्याला लाटेत सोडणे म्हणजे बुडवणेच. असा पक्षी सावलीत, खोक्यात, शांत जागी ठेवून वनविभागाला कळवणे हेच योग्य.

शिक्षकांना मी ही सेवा आवर्जून सुचवीन. वर्गात दाखवायची असल्यास फेब्रुवारी-मार्चचा काळ निवडावा, कारण तेव्हा पिल्लू लहान असते, पालकांची पाळी बदलताना दिसते आणि आपल्या शाळेच्या वेळेत तेथे उजेड असतो. ज्यांना एकच टप्पा पाहायचा आहे त्यांनी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत लक्ष ठेवावे. वाढलेले पिल्लू वाऱ्यात पंख पसरून जागच्या जागी वर उचलले जाऊ लागते आणि एके दिवशी निघून जाते. त्याला कोणी उडायला शिकवलेले नसते, आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. जमिनीवर लावलेल्या कॅमेऱ्याला जे दाखवता येते ते सर्व ‘रॉयल कॅम’ उत्तम रीतीने दाखवतो. उरलेला समुद्र समजून घेण्यासाठी वाचनाची थोडी तयारी प्रेक्षकाने स्वतः करायची आहे, आणि ती करण्याइतकी ही सेवा निश्चितच मोलाची आहे.